इंग्लंडच्या खेड्यात राहायला जाताय? मग हे वाचाच

लंडनचं भाडं परवडेना म्हणून इंग्लंडमधल्याच एखाद्या खेड्यात घर घ्यायचं मनात आलंय ना, घ्या की, बिनधास्त घ्या, फक्त एक ध्यानात ठेवा, तिथे हातपाय मोडणं ही किरकोळ बाब आणि खिडकी बदलणं हा गुन्हा. चेष्टा नाही हो. गवताने शाकारलेलं, कॅलेंडरवर शोभेल असं जुनं घर मिळालं आणि ते लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेलं, निघालं की कौन्सिलच्या परवानगीशिवाय खिडक्या बदलायच्या नाहीत, नाहीतर १९९० च्या कायद्याने २ वर्षांपर्यंत आत. थंडी वाजते? स्वेटर घाला. अजून वाजते? त्यावर दुसरा घाला. डबल ग्लेझिंगचा, म्हणजे थंडी अडवणाऱ्या दुहेरी काचांचा, विषय मात्र काढू नका.

हातपाय मोडायची सोय उत्तम आहे. मे अखेरच्या बँक हॉलिडेला ग्लॉस्टरशायरमध्ये ब्रॉकवर्थजवळच्या कूपर्स हिलवर जा, तिथे तीन-चार किलोचं चीजचं चाक वरून सोडतात आणि चांगली शहाणीसुरती माणसं त्याच्यामागे गडगडत खाली येतात. २०२३ ला कॅनडाची एक मुलगी पार बेशुद्ध होऊन खाली पोचली आणि पहिली आली, जिंकल्याचं तिला उपचाराच्या तंबूत शुद्धीवर आल्यावर कळलं. बक्षीस काय तर तेच चीज! एवढ्याने भागत नसेल तर चिपिंग कॅम्पडन गाठा, तिथे पँटमध्ये पेंढा कोंबून एकमेकांच्या नडग्यांवर लाथा घालायची रीतसर स्पर्धा असते (आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला पेंढा देत नाहीत, एवढाच फरक).

खरं जपायचं ते चहाच्या टेबलावर. स्कोनवर (बन आणि बिस्किटाच्या मधला प्रकार) आधी क्लॉटेड क्रीम (दाट साय) मग जॅम ही डेव्हनची पद्धत, आधी जॅम मग क्रीम ही कॉर्नवॉलची, दोन्ही परगण्यांच्या मधे टेमार नदी. चुकीच्या काठावर चुकीचा थर लावलात तर कोणी ओरडणार नाही, नुसतं ‘हाऊ इंटरेस्टिंग’ म्हणतील आणि मग नाताळपर्यंत तुम्हाला कुठूनही बोलावणं येणार नाही. दोन्ही वरणभातासारखं कालवून खायचा विचार असेल तर घरी, पडदे ओढून.

आणि उन्हाळ्यात गावच्या फेटला, म्हणजे जत्रेला, कोणी गोडगोड बोलून जॅमच्या स्पर्धेचं परीक्षक व्हायला सांगितलं तर सरळ पाय मोडलाय म्हणून सांगा. लगेच पटेल. कसा मोडला हेसुद्धा कोणी विचारणार नाही, चीज मिळालं का एवढंच विचारतील.