हातचा एक, पालक दोन

मार्च 2020मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपल्याकडे घरोघरी एकेक विनाअनुदानित शाळा सुरू झाली. मुख्याध्यापक, शिपाई आणि घंटा ही तिन्ही पदं आईकडे. बाबांकडे तपासणी, म्हणजे अधूनमधून दारात येऊन "काय चाललंय?" एवढं विचारून निघून जाणं.

पहिला उत्साह वेळापत्रकाचा. सकाळी 8 ते दुपारी 1, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी, भिंतीवर रंगीत तक्ता. केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचना जुलै 2020मध्ये आल्या. त्यांत पहिली ते आठवीला दिवसाकाठी 30 ते 45 मिनिटांचे दोनच ऑनलाइन तास सांगितले होते. माझा संशय असा, की त्या सूचना आधी मुलांनीच वाचल्या.

पण खरं रणांगण वजाबाकीचं. 52 वजा 27. आपण पालक सुरू होतो: "दोनातून सात जात नाहीत. बारातून सात गेले, पाच. हातचा एक. दोन आणि एक तीन. पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस!" मूल थंडपणे सांगतं, "बाईंनी असं नाही शिकवलं." आणि ते खरं असतं. बाईंनी दशकाचा गठ्ठा सोडायला शिकवलेलं असतं: वरच्या पाचाचे चार झाले, दोनाचे बारा झाले, खालचा दोन जागच्या जागी. आपण वरही दहा वाढवतो आणि खालीही दहा वाढवतो, वर सुटे, खाली एक दशक. फरक तोच राहतो म्हणून उत्तर जुळतं. दोन्ही रीती बरोबर आहेत. घात होतो तो युती केल्यावर. मुलाने वरून एक काढला, आपण खालून एक वाढवला, की चारातून तीन जाऊन उत्तर येतं 15. वहीत 15 दिसले की मुलाला ओरडू नये. ते उत्तर संयुक्त असतं.

यावर औषध एकच. खराट्याचे 52 हीर बोटभर लांबीचे तोडावेत, दहा-दहाचे पाच गठ्ठे रबराने बांधावेत, दोन सुटे ठेवावेत. मग मुलाला म्हणावं, "यातले 27 मला दे." सात सुटे देता येत नाहीत म्हटल्यावर ते आपणहून एक रबर काढतं. त्या क्षणी तोंड बंद ठेवणं हे पालकाचं सगळ्यात अवघड काम. बहुतेकांच्या तोंडून "हातचा" निसटतोच. खराटा कायमचा बारीक होतो, त्याची तक्रार वेगळी.

गृहपाठाचा फोटो हे तर वेगळं शास्त्र. ट्यूबलाइटखाली वाकून फोटो काढला, तर निबंधावर आपल्याच डोक्याची सावली पडते आणि बाईंना 'माझा आवडता पक्षी' अर्धाच दिसतो. वही खिडकीशी, उजेड बाजूने, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर. पेन्सिल पुसट असेल तर आधी गिरवून घ्या, नाहीतर पान कोरंच जातं. सात पानांचे सात फोटो पाठवू नयेत. ते क्रम सोडून पोचतात आणि राजा शेवटच्या पानावर जन्मतो. सगळ्यांची एक पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे अक्षरं फुटत नाहीत. फाइलला मुलाचं नाव आणि विषय द्यावा. 'नवीन फाइल 3' नावाची मुलं वर्गात बरीच असतात.

डेटा पुरवायचा असेल तर व्हिडिओ बंद ठेवावा, आणि तीन शिट्ट्यांची डाळ तासाआधीच उरकावी.

आता उत्तरं पुरवण्याबद्दल. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून पालक टेबलाच्या कडेला उकिडवे बसून कुजबुजतात. डब्याला टेकवलेल्या उभ्या फोनचा माइक असतो खालच्या कडेला, म्हणजे नेमका त्यांच्या तोंडापाशी. "महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं?" असं विचारलं, की बाईंना "ताम्हण!" आधी आईच्या आवाजात ऐकू येतं, मग मुलाच्या. अनुभवी बाई दोघांनाही शाब्बास म्हणतात आणि पुढचा प्रश्न सरळ बाबांना विचारतात.