‘महाग डेकच जिंकतो’ हे खरं नाही

इंदूरला रामबागेत आमच्या घरी रविवारी दुपारी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचा चौघांचा कमांडर डाव रंगतो. यात प्रत्येकाचा स्वतःचा शंभर कार्डांचा डेक असतो, आणि त्यातलं एक कार्ड त्याचा ‘कमांडर’. गेल्या महिन्यात माझा आतेभाऊ म्हणाला, “दादा, मी आता येत नाही. ज्याचा डेक महाग तोच जिंकतो, बाकी सगळं नशीब. चौघांत डावपेच चालतच नाहीत. सगळे हेच म्हणतात.” अकरावीतला मुलगा, साठवलेल्या पैशांतून घेतलेला एकच तयार डेक. सगळे तसं म्हणतात हे खरंच आहे, आणि त्यापायी पोरं खेळ सोडतात याचं मला फार वाईट वाटतं.

आधी पैशाचं. ब्लॅक लोटस हे सगळ्यात नावाजलेलं महागडं कार्ड कमांडरमध्ये चालतच नाही. मॅना क्रिप्ट आणि ज्युअल्ड लोटस या महागड्या कार्डांवर सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी आली. रिस्टिक स्टडी तर २००० साली ‘प्रॉफेसी’ संचात साधं कॉमन कार्ड होतं. समोरच्यानं काही खेळलं की त्यानं एक मॅना (कार्ड खेळायला मोजावी लागणारी ताकद) जास्त भरायचा, नाहीतर आपण एक पान ओढायचं. दोघांच्या खेळात ते बेताचंच. समोर तीन जण बसायला लागले तेव्हा त्याचं बळ वाढलं, आणि भाव त्यामागून चढला. तिघांनीही दर वेळी तो एक मॅना भरला, तर मालकाच्या हाती काहीच लागत नाही. आमच्याकडे कुणी भरत नाही. “या वेळी राहू दे” म्हणतात, आणि तो पानांवर पानं ओढत बसतो. यात दोष किमतीचा नाही, आपल्या आळसाचा आहे.

नशिबाचं म्हणाल, तर मी आतेभावाचा डेक उलटून मोजला. कमांडर बाजूला ठेवला की ९९ कार्डं उरतात, त्यात त्याच्या लँड (मॅना देणारी कार्डं) फक्त ३०. बाकीच्या काढून त्यानं मोठमोठे राक्षस भरले होते. चौथ्या टर्नपर्यंत आपण ११ पानं पाहतो. ३० लँडमध्ये त्यातल्या सरासरी ३.३ येतात, ३७ असतील तर ४.१. चार मॅनाचं कार्ड हातात अडकून पडतं ते इथे. शिवाय चौघांच्या डावात पहिला हात बदलायला दंड नाही, तरी तो वाईट हात तसाच धरून बसायचा.

तिसरं म्हणणं, की चौघांत डावपेच चालत नाहीत. उलट इथेच ते जास्त लागतात. दोघांच्या नेहमीच्या खेळात समोर २० लाइफ (संपले की माणूस बाद). इथे तिघांचे ४०-४०, म्हणजे १२०. मी एक कार्ड खर्चून एकाचा एक क्रीचर (लढणारं कार्ड, जसा राक्षस) मारला, तर आम्हा दोघांचं एकेक गेलं आणि उरलेले दोघं फुकटात पुढे सरकले. म्हणून कुणाला कधी मारायचं हे फार जपून ठरवावं लागतं. ज्याचा डेक डोळ्यांत भरतो, त्याच्यावर तिघांचीही नजर असते, हेही विसरू नये.

एक मात्र मान्य. जिथे चौघंही स्पर्धेच्या तयारीनं बसतात, तिथे जुन्या महाग लँड आणि झटपट मॅना देणारी कार्डं यांचा फरक पडतो. आमचा रविवारचा डाव तसा नाही, आणि बहुतेकांचा नसतो.

आतेभावानं सात राक्षस काढून ३७ लँड केल्या. माझ्या डब्यातलं रॅथ ऑफ गॉड त्याला दिलं: चार मॅना, सगळे क्रीचर साफ. परवा ते हातात धरून तो दोन फेऱ्या गप्प बसला. बाकी तिघांनी हात रिकामे करून टेबल भरलं, आणि मग त्यानं ते टाकलं.