‘पोराला ढोरामागे धाडा असंच ना?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

‘अठराव्या वर्षाची यादी’ या लेखावर तुम्ही जे लिहिलंत ते आधी पूर्ण देते, नाहीतर मी सोयीचं तेवढंच उचललं असं व्हायचं. तुमचे शब्द : “मॅडम, एसीत बसून खेड्यातल्या मायबापाला अक्कल शिकवणं सोपं आहे. अपेक्षा कमी करा म्हणजे काय, पोराला ढोरामागे धाडा असंच ना? मास्तर आधीच आमच्या पोरांना मागच्या बाकावर बसवतात, आता तुमचा लेख दाखवून मोकळे होतील. अन् सर्टिफिकेटसाठी जिल्ह्याला चकरा मारायच्या तर मजुरी कोण देणार?”

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. शिकायला जड जाणाऱ्या किंवा वाढीत मागे असलेल्या मुलाला ‘दहावी पास’ हे एकच माप लावू नका. अठराव्या वर्षी त्याला कुणी न सांगता काय काय करता आलं पाहिजे याची यादी आज करा आणि तिथून मागे येत या वर्षी काय शिकवायचं ते ठरवा, असं त्यात होतं.

मजुरीचा मुद्दा मान्य. दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीच्या एका दिवसात घरातल्या दोघांची रोजी बुडते, वरून एसटीचं भाडं, हे लेखात यायला हवं होतं. निदान एखादी चक्कर वाचावी म्हणून सांगते. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, स्वावलंबन पोर्टलवरचा अर्ज जवळच्या सेतू केंद्रातच भरा आणि पावती घेऊनच जिल्ह्याला निघा. मुलाचं नाव आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते घरीच बघा, कारण त्यावरून माणसं खिडकीवरून परत येतात. तपासणारं डॉक्टरांचं मंडळ ठरलेल्या वारीच बसतं, तो वार आधी फोन करून विचारा. जुनी औषधाची चिठ्ठीसुद्धा टाकून देऊ नका, सगळे कागद एका पिशवीत ठेवा.

‘एसीत बसून’ हे मात्र मी सोडून देणार नाही. माझी नोकरी गट साधन केंद्रातली, विशेष शिक्षक म्हणून, यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत. त्यातली बहुतेक वर्षं झेडपीच्या शाळांत आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, गेली आहेत. हे मी कधी लेखात लिहीत नाही, कारण मुद्दा मुलांचा असतो. पण तुम्ही माझी खुर्ची कुठे आहे ते परस्पर ठरवलंत, म्हणून लिहावं लागलं. मुद्दा पटला नाही तर तसं म्हणा, मी उत्तर देईन. ‘अक्कल शिकवणं’ ही भाषा कशासाठी? ज्या आयांनी त्याच लेखाखाली आपल्या मुलाबद्दल भीत भीत दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या तुमच्या प्रतिक्रियेनंतर गप्प झाल्या. याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता ढोरांचं. याच एका वाक्यावर मला सविस्तर बोलायचं आहे.

पहिली गोष्ट, ‘अपेक्षा कमी करा’ असं मी सरसकट सगळ्या मुलांसाठी लिहिलेलं नाही. तुम्ही सगळी मुलं एका पोत्यात भरलीत. ज्या मुलाला फक्त वाचन-लेखनाची अडचण आहे, ज्याला गोष्ट सांगितली की समजते, वावरातला हिशोब तोंडी जमतो, पण घ-ध आणि भ-म यांत गोंधळ होतो, जोडाक्षर आलं की गाडी थांबते, काना-मात्रा गळतात, त्याच्याकडून शिकण्याची अपेक्षा तसूभरही कमी करायची नाही. त्याचा रस्ता बदलायचा. धडा घरातल्या कुणीतरी वाचून दाखवायचा आणि उत्तर तोंडी घ्यायचं. लिहायला रोज दोनच ओळी द्यायच्या, पण त्या तपासून घ्यायच्या. शुद्धलेखनाची दहा-दहा पानं शिक्षा म्हणून लिहायला लावलीत तर तीच चूक दहा पानं पक्की होते. अशा मुलाच्या अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतर मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते. प्रमाणपत्र असलं की दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मागता येतो. प्रस्ताव शाळेमार्फत अमरावती किंवा नागपूरच्या विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून नववीतच मुख्याध्यापकांच्या मागे लागा. दहावीच्या दिवाळीनंतर जाग येते आणि मग कागदासाठी धावपळ होते, परीक्षेला मूल तसंच बसतं.

दुसरं मूल सगळ्याच विषयांत हळू असतं, पण मतिमंदत्वाच्या व्याख्येत बसत नाही. बुद्ध्यांक सत्तर ते पंच्याऐंशीच्या मधला. त्याला प्रमाणपत्रही नाही, सवलतही नाही, आणि आपल्या शाळांत अशी मुलं सगळ्यात जास्त मार खातात. त्याच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी बघा. पाच विषय लागतात, त्यात भाषा एक किंवा दोन. गणित घ्यावंच लागतं असं नाही. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत एक-एक, दोन-दोन विषय करून पास होता येतं.

आणि तिसरं मूल, ज्याच्यासाठी ती यादी खरोखर होती, त्याला बौद्धिक अक्षमता आहे, डाउन सिंड्रोम किंवा स्वमग्नता (ऑटिझम) आहे. याच मुलाबद्दल तुम्ही ‘ढोरामागे’ म्हणालात.

मूल कोणत्या गटातलं हे ठरवण्याआधी काही गोष्टी तपासा, त्या लेखातही होत्या. कान आणि डोळे सगळ्यात आधी. ज्याचा कान वाहतो त्याला हळू आवाजातले वर्ण ऐकू येत नाहीत, मग ते ‘लक्ष देत नाही’ ठरतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी सोडू नका. सिकलसेलच्या रुग्ण मुलाच्या मेंदूला रक्त कमी पडून बारीक इजा होऊ शकते. हात-पाय वाकडे होत नाहीत, बाहेरून काहीच दिसत नाही, पण दुसरी-तिसरीत बरं चालणारं मूल मागे पडत जातं. सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की तिथेच थांबू नका, मूल वाहक आहे की रुग्ण हे पुढच्या चाचणीतच कळतं. आणि घरात कोलामी, गोंडी किंवा कोरकू बोलत असतील तर तेच काम मुलाला घरच्या भाषेत सांगून बघा. तिथे करतं आणि शाळेत मराठीत सांगितलं की बघत बसतं, तर अडचण भाषेची आहे, बुद्धीची नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि संदर्भ चिठ्ठी मागून घ्या. ती घेऊन जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात गेलात तर दारोदार विचारत फिरावं लागत नाही.

आता गोठा. तुम्ही तो शिवी म्हणून वापरलात. ज्या कास्तकाराच्या घरी दोन गाई आहेत, त्याच्या तिसऱ्या गटातल्या मुलाला संध्याकाळचं दाणापाणी एकट्याने करता येणं ही लहान गोष्ट नाही, आणि ती आपोआप येत नाही. शाळेतला पाठ शिकवावा तशी ती शिकवावी लागते. शाळा सुटल्यावर, घरच्याच गोठ्यात. दुसऱ्याच्या वावरात मजुरीला नाही. शाळा तर बंद करायचीच नाही. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क 2016 च्या कायद्याने दिलेला आहे.

काम कसं शिकवायचं ते सांगते. आधी ते तोडून घ्या : बादली भरणं, टाक्यात पाणी ओतणं, घमेल्यात कुटार (भुसा) घेणं, गव्हाणीत टाकणं, ढेप (पेंड) देणं, घमेलं जागेवर ठेवणं, गोठ्याची कडी लावणं. शिकवायला मागून सुरुवात करा. आधीचं सगळं तुम्ही करा आणि शेवटची कडी मुलाला लावू द्या. काम पूर्ण होण्याचा क्षण त्याच्या हातून घडतो, शाबासकी तिथेच मिळते. सलग काही दिवस न सांगता कडी लागली की घमेलं जागेवर ठेवणं त्याच्याकडे द्या, मग त्याच्या आधीचं. पुढून सुरुवात केलीत तर बादलीशीच भांडण होतं आणि शेवट तुम्हीच करता. मुलाला काम कधी संपतं तेच कळत नाही.

बिघडतं कुठे? ‘जाय, गाईले पाणी दाखव, कुटार टाक अन् येताना दोर घेऊन ये’ ही तीन कामं झाली. मूल त्यातलं पहिलं किंवा शेवटचं धरतं, आणि आपण म्हणतो ऐकत नाही. एका वेळी एकच सांगा. सांगून झालं की मनात दहापर्यंत मोजा, तोवर दुसरा शब्द काढू नका. त्याला ऐकलेलं पोचायला वेळ लागतो. आपण मध्येच पुन्हा बोललो की ते पुन्हा सुरुवातीला जातं. दुसरं म्हणजे ‘थोडं’, ‘जरा’, ‘पुरे एवढं’ हे शब्द या मुलांना लागू पडत नाहीत. घमेल्याला आतून ऑइलपेंटची रेघ मारा, कुटार रेघेपर्यंत. बादलीलाही रेघ, अर्ध्यावर, म्हणजे सांडत नाही. ढेपेसाठी पोत्यात एक ठरलेला डबा ठेवा, गाईमागे एक डबा. ढेप जास्त गेली तर गाय बिघडते, म्हणून सुरुवातीचे कित्येक दिवस तो डबा मोठ्या माणसासमोरच भरायचा. विहिरीवर, फवारणीला आणि कडबाकुट्टी यंत्राजवळ या मुलाला नेऊच नका. फवारणीने 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात धडधाकट माणसांचे जीव गेले. ज्याला मळमळतंय, डोकं गरगरतंय हे वेळेवर सांगता येत नाही, त्याला त्या वावरात उभंसुद्धा करू नये.

गोठ्याइतकाच बाजार महत्त्वाचा. या मुलाला वजाबाकी शिकवण्यात चार वर्षं घालवू नका. फक्त दहाच्या नोटा द्या. दुकानदार ‘सदतीस’ म्हणाला की तीस ऐकायचं, तीन नोटा मोजायच्या आणि वर एक जास्त ठेवायची. सुटे मिळेपर्यंत हात पुढेच धरायचा. किती परत आले ते मोजलं नाही तरी सुरुवातीला चालतं. आधी गावातल्या ओळखीच्या एका दुकानात, एकच वस्तू, गर्दी नसताना. आठवडी बाजार फार पुढे. तिथल्या आवाजात येणारं कामही विसरायला होतं, आणि स्वमग्न मुलाला तर तो आवाज सोसत नाही.

हे सगळं मी एवढ्या बारकाईने का लिहिते, ते अठराव्या वर्षी कळतं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला अनाथ दिव्यांग मुलांचं बालगृह चालवणाऱ्या शंकरबाबा पापळकरांनी अठरा वर्षं पूर्ण झालेल्या अनाथ दिव्यांगांच्या आयुष्यभराच्या पुनर्वसनासाठी इतकी वर्षं लढा दिला, कारण अठराव्या वर्षी बालगृहाचं दार बंद होतं. ज्यांना मायबाप आहेत त्यांच्याकडेही वेगळाच पेच येतो. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेलं मूल अठराचं झालं की आई-बाप कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. सात-बारावर नाव चढवायची वेळ आली की हे समजतं. तोपर्यंत बाप थकलेला असतो. त्या दिवशी मुलाच्या हातात नववी नापासचा कागद असावा, की स्वतः आंघोळ करणं, भात टाकणं, एसटीत योग्य गावाला उतरणं, जनावर सांभाळणं आणि चाळीस रुपयांचा सौदा आणणं असावं? लेखात मी हेच विचारलं होतं, आणि तुमच्या प्रतिक्रियेत याचं उत्तर नाही.

राहिला मास्तरांचा मुद्दा. कामचुकार माणसाला माझ्या लेखाची गरज पडत नाही, तो आधीपासून मोकळाच आहे. शाळेत वैयक्तिक शिक्षण आराखडा लेखी मागा, या सत्रात काय शिकवणार ते त्यात तारखेसह लिहून घ्या, मुख्याध्यापकांची सही घ्या. नाही दिला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज. यावर याहून जास्त मला इथे बोलायचं नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत कुठेही तुमच्या मुलाचं वय नाही, कितवीत आहे ते नाही, तपासणी झाली का तेही नाही. ‘आमची पोरं’ म्हणालात, त्यावरून घरात कुणीतरी आहे एवढं समजलं. राग तिथूनच आला असेल तर मला तो समजतो, पण मग त्या मुलाबद्दल लिहा. ते न सांगता काय काय करतं, कोणतं काम अर्ध्यात सोडतं, कोणत्या पायरीवर सोडतं, घरात कोणती भाषा बोलता. कानाची तपासणी झाली असेल तर तो कागद आधी पाठवा.