‘कोणताही रंगीत लेझर प्रिंटर घ्या’ हा सल्ला पत्रिकेच्या कामाला का लागू पडत नाही

घरगुती उद्योग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप समूहांवर एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : ‘लग्न-मुंजीच्या पत्रिका घरी छापायच्या असतील तर इंकजेटच्या नादी लागू नका, स्वस्तातला कोणताही रंगीत लेझर प्रिंटर घ्या, त्याची शाई वाळत नाही, त्याला कुठलाही कागद चालतो, पानाला जेमतेम ५ रुपये पडतात, छपाई प्रेससारखी येते आणि महिन्याला ३०,००० पानांची क्षमता असल्याने यंत्राची काळजी नको.’ नौपाड्यातील घरातून मी हेच काम करते आणि या संदेशावर विसंबून यंत्र घेतलेल्या दोन-तीन जणी नंतर माझ्याकडे सल्ल्याला आल्या, म्हणून यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

शाई वाळत नाही, हे खरे आहे आणि आपल्या धंद्यात ते महत्त्वाचेही आहे. चातुर्मासात मुहूर्त नसल्यामुळे यंत्र आठवडेच्या आठवडे बंद राहते. इंकजेटची छिद्रे तेवढ्या काळात बुजतात आणि तुळशीच्या लग्नानंतर पहिली मागणी आली की आधी ती साफ करण्यातच शाई वाया जाते. लेझरमध्ये शाईच्या जागी असणारा टोनर ही कोरडी भुकटी असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. शिवाय पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदी-कुंकवाचे ओले बोट लागतेच. साध्या इंकजेटच्या शाईची अक्षरे त्या ओलीने पसरतात, टोनरची पसरत नाहीत.

‘कुठलाही कागद चालतो’ हे विधान मात्र साफ चुकीचे आहे, आणि सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. टोनर म्हणजे रंग मिसळलेली प्लास्टिकची बारीक भुकटी. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापलेला फ्युझर, म्हणजे यंत्रातील गरम रोलर, ती वितळवून कागदावर दाबतो. कागद जितका जाड, तितकी ही उष्णता तोच शोषून घेतो. त्यामुळे घरगुती वापराच्या अनेक यंत्रांचा ट्रे १६३ जीएसएमपर्यंतच (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) कागद घेतो आणि हाताने एकेक कागद सरकवायच्या मार्गाने मर्यादा २०० ते २२० जीएसएमच्या आसपास जाते, तर हाताला भरीव लागणारी पत्रिका बहुधा २५० ते ३०० जीएसएमची असते. खरबरीत हातकागदावर टोनर उंचवट्यांवर बसतो आणि खळग्यांत कागद पांढराच राहतो. चकाकणाऱ्या शिमर कागदावरचा लेप त्याला नीट धरू देत नाही.

हे मी स्वतः भोगले आहे. एका मुंजीच्या पत्रिकेसाठी यजमानांनी फिकट सोनेरी शिमर कागद पसंत केला होता, २५० जीएसएमचा. यंत्रातून बाहेर आलेली पत्रिका सुरेख दिसत होती. पण मधोमध घडी घालताच त्या रेषेवर रंगाचे पापुद्रे सुटले आणि बटूच्या नावावर नख हलकेच फिरवले तर शिरोरेषेचा तुकडाच निघून आला. ६० पत्रिका बाद झाल्या. घडी घालण्याआधी त्या जागी क्रीझ, म्हणजे दाबून काढलेली रेघ, मारून घेतली की तडे बरेच कमी होतात, पण शिमर कागदावरची पकड त्याने सुधारत नाही.

गिरगावातील खाडिलकर रस्त्यावरून तयार कार्डे आणून त्यांवर फक्त मजकूर छापणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. फॉइलचा गणपती किंवा उठावाची वेलबुट्टी असलेले कार्ड फ्युझरमध्ये गेले की तो थर वितळून रोलरला चिकटू शकतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च पूर्ण मागणीची कमाई खाऊन टाकतो. पावसाळ्यात आपल्याकडे उघड्या गठ्ठ्यातील कागद ओल धरतो, वळतो आणि अडकतो, म्हणून गठ्ठा हवाबंद पिशवीतच ठेवावा.

पानाला ५ रुपये हा आकडा कसा निघाला असावा, ते सहज दिसते. समजा, एका रंगाचे कार्ट्रिज ६,५०० रुपयांचे आहे आणि त्यावर १,३०० पाने लिहिलेली आहेत. भागाकार बरोबर ५ येतो. पण कार्ट्रिजे चार असतात, आणि ती १,३०० पाने त्या रंगाने पानाचा सुमारे ५ टक्के भागच व्यापला असे धरून मोजलेली असतात. हळदीच्या रंगाची पार्श्वभूमी ए-४ पानाचा ४० टक्के भाग व्यापत असेल तर पिवळे कार्ट्रिज १६२ पानांतच संपेल आणि फक्त पिवळ्याचाच खर्च पानामागे ४० रुपये होईल. पानावर दोन पत्रिका बसवल्या तरी प्रत्येकीवर २० रुपये पडतात, कागद आणि बाकीचे तीन रंग वेगळेच. नव्या यंत्राबरोबर येणारी कार्ट्रिजे पुष्कळदा कमी भरलेली असतात, हेही हिशेबात धरावे.

‘प्रेससारखी छपाई’ म्हणताना संदेश लिहिणारा सोनेरी रंग विसरला. चार रंगांच्या लेझरमध्ये सोनेरीही नसतो आणि पांढराही नसतो. मरून कार्डावर पांढरी अक्षरे त्यातून उमटतच नाहीत. उलट लेझरचा खरा फायदा त्याने सांगितलाच नाही. गुळगुळीत कागदावर काळ्या टोनरने गणपती किंवा नावे छापायची, त्यावर टोनरला चिकटणारे फॉइल ठेवायचे आणि तो कागद गरम लॅमिनेटरमधून काढायचा. जिथे टोनर आहे तिथेच सोनेरी चढते. इंकजेटच्या शाईवर हे होत नाही. माझ्या मते या एका कारणासाठीसुद्धा लेझर घेण्यासारखा आहे.

३०,००० पाने ही यंत्राची कमाल मर्यादा असते. माहितीपत्रकात शिफारस केलेला मासिक वापर वेगळा दिलेला असतो. तो त्याहून कितीतरी कमी असतो आणि तोच पाहावा.

म्हणून यंत्र पसंत करायला जाताना आपण नेहमी वापरतो ते तीन-चार प्रकारचे कागद सोबत न्यावेत आणि कागद सरळ आत जाऊन मागून बाहेर पडण्याची सोय आहे का, ते विचारावे. प्रत्येक कागदावर आपलीच एक पत्रिका छापून घ्यावी, ती गार झाल्यावर अक्षरांवरून नख फिरवावे, घडी घालून उघडावी आणि घरी आल्यावर कोपऱ्याला ओली हळद लावून बघावी. यंत्राचे पैसे त्यानंतर द्यावेत.