नोंद तुमच्या कपाटात, आणि पुरावा मागता आमच्याकडे?

आज राहवत नाही म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या मराठवाड्यातल्या शाळेत सध्या पहिलीचे प्रवेश सुरू आहेत. सकाळी एक बाई आली. एक लेकरू कडेवर, एक हाताला. हाताला होती ती सहा वर्षं पूर्ण झालेली पोरगी, नाव घालायला आणलेली. जन्माचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून आधारही नाही. नवरा-बायको ऊसतोड मजूर, त्यांचा कोयता (ऊस तोडणारी जोडी) दरवर्षी कोल्हापूरकडं जातो, पोरगी तिकडंच कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, जन्मली. गाव कोणतं, असं विचारलं. तिनं साखर कारखान्याचं नाव सांगितलं, टोळी नेणाऱ्या मुकादमाचं सांगितलं, कुणाच्या उसाच्या फडात तोड चालू होती तेही सांगितलं. गावाचं नाव काही तिला आठवेना. म्हणाली, "आमी कुटं गावात जातो मॅडम, फडातून कोपीवर अन् कोपीवरून फडात."

आमच्याकडं येण्याआधी ती इथल्याच एका कार्यालयात जाऊन आली होती. तिथं एकच वाक्य ऐकायला मिळालं, जिथं जन्म झाला तिथं जा. कुणाला भेटायचं, काय कागद न्यायचे, अर्ज कसा करायचा, काही नाही. तीनशे किलोमीटरच्या वरचं अंतर आहे हो! बाईला एसटीचं तिकीट अर्धं झालं असेल, पण बुडालेली मजुरी पूर्णच बुडते.

प्रवेश आम्ही दिला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ स्पष्ट आहे, वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही लेकराला परत पाठवता येत नाही. पण शाळेत नाव घातलं म्हणून तिची सुटका झाली नाही. पुढं आधार आहे, शिष्यवृत्ती आहे, जातीचा दाखला आहे, आणि प्रत्येक खिडकीवर हाच प्रश्न तिची वाट बघत असणार.

ती बाई गेल्यापासून मला माझी आई दिसतेय.

माझा धाकटा भाऊ १९८४ चा. जर्मनीत नोकरीला आहे, लग्नही तिकडंच ठरलं, आणि तिथं लग्नाच्या नोंदणीला जन्मदाखल्याशिवाय पान हलत नाही. आमच्याकडं बाळंतपण माहेरी, तुम्हाला सांगायला नको. म्हणजे भाऊ जन्मला आजोळी, शेजारच्या जिल्ह्यात, गोदाकाठच्या एका लहानशा गावात, मामाच्या घरी, सुईणीच्या हातून. म्हणजे नोंदही तिथल्याच ग्रामपंचायतीत. भाऊ परदेशात, वडील गेलेले, मामाही गेलेले. आईला घेऊन मी गेले. ग्रामसेवकांकडं तीन गावांचा पदभार, ते आठवड्यातले ठरलेलेच दिवस येणार, आणि त्या ठरलेल्या दिवशी पंचायत समितीत मीटिंग लागणार. जाऊन बंद कुलूप बघायचं आणि परत यायचं, असं किती वेळा झालं ते विचारू नका.

शेवटी भेट झाली तेव्हा त्यांनी आईला विचारलं, "हा मुलगा याच गावात जन्मला कशावरून? काही पुरावा?"

आई सत्तरीची. खुर्ची कुणी दिली नव्हती, उभीच होती. म्हणाली, "मी आलेय ना."

मला अजून ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. जिनं नऊ महिने वाढवला, त्याच गावच्या घरात जिनं कळा सोसल्या, तिला विचारायचं कशावरून? अहो, नोंद ठेवायचं काम तुमचं. रजिस्टर तुमचं, कपाट तुमचं, किल्ली तुमच्या कमरेला. आणि पुरावा आणायचा आम्ही!

रजिस्टर काढलं तर नोंद सापडेना. का, तर भावाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. १ जूनची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. दरवर्षी त्या दिवशी फेसबुकवर आपल्या आई-वडिलांच्या, काका-मामांच्या वाढदिवसांची रांग लागते. गुरुजींनी पहिलीत बसवताना घातलेली ती तारीख. ग्रामसेवकांनी जूनचं पान बघितलं, मेचं बघितलं आणि लगेच म्हणाले, नोंद आढळत नाही, तसा दाखला देतो. आई म्हणाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे तो, बैलांच्या अंगावरचा रंग अजून गेला नव्हता. त्यावर उत्तर मिळालं, "आजी, पोळा कोणत्या तारखेला होता ते आम्ही कुठं शोधायचं?"

शोधलं ते तिथल्या शिपाईमामांनी. ते स्वतःहून उठले, मागच्या खोलीतून फडक्यात बांधलेला बस्ता आणला, धूळ झटकली आणि ऑगस्टच्या शेवटाची पानं एकेक करून उलटली. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण नोंद होती! वडिलांचं नाव, आईचं नाव, पुरुष, गाव, सगळं. त्या माणसाला मी जन्मात विसरणार नाही. पण मला सांगा, एखाद्याच्या जन्माचा कागद शिपायाच्या चांगुलपणावर का अवलंबून असावा? मामा त्या दिवशी रजेवर असते तर?

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण परवा स्टाफरूममध्ये कळलं की शिकलेल्या माणसांनाही हे माहीत नसतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. जन्म जिथं झाला तिथल्या निबंधकाकडं २१ दिवसांत कळवायचं, पैसे लागत नाहीत. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यानंतर वर्षाच्या आत लेखी परवानगी, शुल्क आणि स्वसाक्षांकित कागद (२०२३ च्या सुधारणेआधी प्रतिज्ञापत्र लागायचं). वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. कागदावर हे सरळ दिसतं. आता हे कोपीवरच्या बाळंतिणीला लावून बघा. २१ दिवसांत टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेलेली असते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते म्हणून ती ओली बाळंतीण मोळ्या बांधायला लागलेली असते. ती कुठल्या निबंधकाला शोधत जाणार? पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, टोळी गावाकडं येते, आणि त्या लेकराचा जन्म कुठल्याच कागदावर नसतो.

आणि नियम आता आणखी आवळलाय. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालणार. शाळा, आधार, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, सगळीकडं. ती लेकरं अजून लहान आहेत, अंगणवाडीच्या वयाची. काही वर्षांत ती माझ्यासमोर पहिलीच्या रांगेत उभी राहतील. त्यातल्या कोपीवर जन्मलेल्यांचं काय करायचं, याचं उत्तर मला कुणी द्यावं.

त्यात २०२५ च्या जानेवारीत राज्यात उशिराच्या नोंदींचे दाखले देणंच थांबवलं गेलं. मालेगावच्या खोट्या दाखल्यांच्या आरोपांनंतर. मार्चमध्ये नव्या कडक अटींसह पुन्हा पद्धत ठरवून दिली. आता मला माहीत आहे, कुणीतरी लिहीलच की मॅडम, खोटे दाखले काढणारेही आहेत. असतील. चौकशी करा, दोषींना शिक्षा करा, माझी ना नाही. पण खोटं करणाऱ्याजवळ एजंट असतो, पैसा असतो. त्याला अडवायला बांधलेल्या भिंतीवर डोकं आपटतं या बाईचं.

दुसरी कॉमेंटही मला आत्ताच दिसतेय, "आता सगळं ऑनलाइन झालंय, आम्हाला तर लगेच मिळाला." शहरातल्या दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, दवाखान्यानंच नोंद पाठवली असेल, तर मिळतो लवकर. चांगलं आहे. पण संगणकात तेच दिसतं जे कुणीतरी भरलेलं असतं. १९८४ चं वाळवीनं खाल्लेलं पान आपणहून पोर्टलवर जाऊन बसत नाही. आणि जी नोंद झालीच नाही ती कुठल्या लिंकवर शोधायची?

भावाच्या दाखल्याचं तर नोंद सापडूनही संपलं नाही. नावाचा रकाना कोरा होता. का नसणार? बारसं बाराव्या दिवशी, आणि गावात जन्माची खबर लिहिली जाते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. नंतर कुणी नाव घालायला जात नाही, कारण जायचं असतं हे कुणी सांगतच नाही. नाव नंतर घालता येतं, पण जन्मापासून १५ वर्षांच्या आत. भाऊ तोवर तिशी ओलांडलेला. आईला म्हणे, हा मुलगा तोच हे सिद्ध करा. पुन्हा तेच! आई त्या दिवशी घरी येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. मग सरकारनं जुन्या नोंदींत नाव घालायला मधे खास मुदत दिली होती, तिच्यात आमचं काम बसलं. त्यानंतर पासपोर्टवरची १ जून बदलणं वेगळंच. मी शिकलेली, पगारदार, चार ओळखी असलेली बाई. मला हे निभावता निभावता नाकी नऊ आले. सकाळची बाई कुणाच्या जोरावर निभावणार?

थोडं शांत होऊन हेही लिहिते. ग्रामसेवक म्हणजे राक्षस नव्हेत. २०२४ पासून त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, कामं मात्र तीच आणि तेवढीच. घरकुलं त्यांच्याकडं, पाणीपुरवठा त्यांच्याकडं, करवसुली, ग्रामसभा, वरून येणारी प्रत्येक माहिती आजच्या आज हवी. दोन-तीन गावं सांभाळणारा एक माणूस किती पुरा पडणार? आम्हा शिक्षकांनाही अशी कामं लावतात, त्यामुळं मला त्यांचा त्रास कळतो. पण त्रास कळला म्हणून आईला विचारलेला तो प्रश्न मला कधीच पटणार नाही. कामाचा ताण असला तरी समोरच्या म्हातारीला बसा म्हणता येतं.

आणि सरकारला करायचंच असलं की काय होतं ते आपण मराठवाड्यात डोळ्यांनी बघितलंय. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायचं ठरलं. तेव्हा तहसीलच्या अभिलेख कक्षांतले बस्ते सुटले, कोतवाल बुकं बाहेर आली, गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची रजिस्टरं चाळली गेली, जुनी मोडी लिपी वाचणारी माणसं बसवली. निजामाच्या काळातली, १९४८ च्या आधीची पानं सापडली! आरक्षणावर मला इथं वाद नकोय, कृपया कॉमेंटमध्ये तो सुरू करू नका. मी एवढंच विचारतेय, जर निजामाच्या काळातलं पान सरकार स्वतः शोधू शकतं, तर माझ्या भावाचं १९८४ चं पान शोधायला माझ्या आईला का उभं केलं? आणि सहा वर्षांपूर्वी याच राज्यात जन्मलेल्या पोरीची नोंद कुठं झाली की झालीच नाही, हे शोधायला तिच्या आईनं मजुरी का बुडवायची? कारखान्याकडं टोळीची यादी असते. कुठल्या गावाला तोड होती ते तिथल्या चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या तोडीवरच्या माणसाला, माहीत असतं. आशाताईंच्या वहीत गरोदर बाई असते. एका कार्यालयानं दुसऱ्या कार्यालयाला पत्र पाठवायचं एवढंच काम आहे. जन्म झाला तिथंच नोंद, हा नियम राहू द्या. पण अर्ज तिथपर्यंत नेण्याचं काम कार्यालयानं करावं, बाळंतिणीनं नव्हे.

लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ चा आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सेवांचा फलक असतो, कुठला दाखला किती दिवसांत, अपील कुणाकडं, सगळं लिहिलेलं. आजोळच्या कार्यालयातही होता. त्याच फलकाखाली आई उभी होती. मुदतीत दाखला दिला नाही तर अधिकाऱ्याला दंड आहे त्या कायद्यात. किती जण अपिलात जातात? कुणी जात नाही, कारण पुन्हा त्याच माणसाकडं रहिवासी दाखल्याला जायचं असतं, घरकुलाला जायचं असतं. गावात राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी ठरवलंय. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, शाळांमधून दाखला नसलेल्या मुलांची यादी करायला आजच सुरुवात केलीय, सोबत प्रत्येकाच्या जन्माचा हंगाम, कारखाना आणि मुकादम लिहून घेतेय. यादी झाली की ती गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांना देणार, पोच घेणार, आणि त्यांनीच संबंधित तालुक्यांशी पत्रव्यवहार करावा अशी लेखी मागणी करणार. ऑक्टोबरात टोळ्या निघायच्या आतच ठरवून, कोप्या पडतात त्या प्रत्येक गावात हंगामभर नोंदणीचं शिबिर लावावं, ही दुसरी मागणी. पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणीकडचे शिक्षक, अंगणवाडीताई, आशाताई इथं आहेत, तुमच्याकडची नावं मला मेसेज करा. पोरांची नावं कॉमेंटमध्ये लिहू नका. कोल्हापूर-सांगलीकडं ग्रामपंचायतीत कुणी नात्यातलं, ओळखीचं असेल तर तेही कळवा. अर्जाचा मसुदा तयार आहे, ज्यांना आपल्या तालुक्यात द्यायचाय त्यांना आज रात्रीच पाठवते.