विहिरीचं पाणी थेट प्रेशर वॉशरला? एक खुलासा

‘विहिरीचं पाणी नितळ असेल तर प्रेशर वॉशरला (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणाऱ्या यंत्राला) थेट जोडा, यंत्रातली जाळी पुरेशी आहे,’ असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे. ती जाळी मोठा कचरा अडवते. बारीक वाळू तिच्यातून निसटते, पंपाचे सील झिजवते, नोझल तुंबवते. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की हा धोका वाढतोच. म्हणून पाणी आधी टाकीत निवळू द्या, पाइप तळापासून वीतभर वर काढा आणि यंत्राआधी सेडिमेंट फिल्टर (गाळ-वाळू अडवणारा फिल्टर) बसवा. तो वेळोवेळी धुवाच. तुंबलेल्या फिल्टरमुळे पाणी कमी पडतं आणि पंप कोरडा चालला तर लवकर जळतो. पाणी जड करणारे क्षार मात्र या फिल्टरने निघत नाहीत, त्यासाठी पाणी मऊ करणारा सॉफ्टनर लागतो.