‘पंधरा दिवस नुसतं अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह’ या रिव्ह्यूला आमच्या क्लासचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देते. दोन स्टार देऊन तुमचं म्हणणं असं आहे: नववीच्या मुलाचे पंधरा दिवस एकट्या अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हवर गेले. पहिल्याच दिवशी बारा काळांचा तक्ता पाठ करून घेतला असता तर काम तासाभरात झालं असतं. शेजारच्या मुलाला सगळे फॉर्म्युले पाठ आहेत. इंग्रजीच्या क्लासची फी भरूनही फळ्यावर मराठी वाक्यं दिसतात. आणि एवढं करून शाळेच्या चाचणीत ‘चेंज द व्हॉइस’चे मार्क गेलेच. सिडकोतले, नाशिकरोडचे बरेच पालक प्रवेश घेण्याआधी हे रिव्ह्यू वाचतात आणि हेच प्रश्न त्यांच्याही मनात असतात, म्हणून इथेच लिहिते. मुलाबद्दल मात्र इथे काही लिहिणार नाही. ते आपण समोर बसून बोलू.

आधी तक्त्याचं. तक्ता आम्ही देतो, नोट्सच्या शेवटच्या पानावर तो आहे. कर्म पुढे आणा, काळाप्रमाणे ‘बी’चं रूप लावा, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या, शेवटी ‘बाय’ लावून कर्ता लिहा. यात चुकीचं काही नाही. फक्त तो बारा काळांचा नसतो. शाळेत पॅसिव्ह आठच काळांचं विचारतात. परफेक्ट कंटिन्युअसचे तीन आणि फ्युचर कंटिन्युअस असे चार काळ सोडून देतात, कारण ‘हॅज बीन बीइंग रिटन’ असलं बोजड वाक्य इंग्रजीत सहसा कोणी लिहीत नाही. बारा रकाने पाठ करणारं मूल त्यातले चार विनाकारण पाठ करतं.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. तक्ता आधी हातात पडला की मुलं वाक्य वाचायचंच सोडतात. क्रियापद दिसलं की लाव ‘वॉज’, लाव तिसरं रूप. मग वहीत ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड अ‍ॅट द्वारका’ असं वाक्य येतं. ‘द ट्रेन वॉज अराइव्ह्ड लेट’ येतं. ज्या मुलांचा तक्ता अगदी तोंडपाठ आहे त्यांच्याही वह्यांत ही वाक्यं मी वर्षानुवर्षं बघते आहे. अपघात घडतो, गाडी येते. या क्रियापदांना कर्मच नाही, मग पुढे आणणार काय? हा प्रश्न तक्ता विचारत नाही, तो मुलानं स्वतःला विचारावा लागतो. ‘आय हॅव अ सायकल’ मध्ये तर कर्म आहे, तरी त्याचं पॅसिव्ह होत नाही, कारण ‘हॅव’ म्हणजे इथे कोणी काही करत नाहीये, नुसतं जवळ असणं आहे. हे एकदा समजलं की आयुष्यभर समजतं. पाठांतराला मात्र प्रत्येक अपवादासाठी वेगळी ओळ लागते.

म्हणून आमच्याकडे पहिले काही दिवस व्हॉइस बदलायचं कामच नसतं. एवढंच विचारायचं की हे वाक्य कोणाबद्दल आहे. नाशिकरोडच्या नोट प्रेसचं उदाहरण मी दरवर्षी घेते, कारण ते वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असतं. १९२८ पासून तिथे नोटा छापतात. आता हे मराठी वाक्य पुन्हा बघा: ‘नाशिकरोडला नोटा छापतात.’ यात कर्ता कुठे आहे? कोण छापतात? मराठीत आपण कर्ता सहज गाळतो, ऐकणाऱ्याचं काही अडत नाही. इंग्रजीला मात्र तसं चालत नाही, तिथे कर्त्याची जागा मोकळी ठेवता येत नाही. मूल ‘प्रिंट नोट्स अ‍ॅट नाशिकरोड’ म्हणतं तेव्हा ती आज्ञा होते. मग त्या जागी नोटांनाच बसवायचं: ‘नोट्स आर प्रिंटेड अ‍ॅट नाशिकरोड.’ लासलगावला कांद्याचा लिलाव होतो, ‘ओनियन्स आर ऑक्शन्ड अ‍ॅट लासलगाव’. बारा वर्षांनी कुंभमेळा भरतो, ‘द कुंभमेळा इज हेल्ड एव्हरी ट्वेल्व्ह इयर्स’. या एकाही वाक्यात ‘बाय’ नाही हे बघा. रोजच्या इंग्रजीत बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत ‘बाय’ नसतोच, कारण करणारा सांगायचा नसतो किंवा सांगण्यासारखा नसतो, म्हणून तर ते वाक्य पॅसिव्हमध्ये आलेलं असतं. तक्त्यावर वाढलेलं मूल मात्र ‘बाय’ राहिला म्हणून घाबरतं आणि ‘बाय समवन’ चिकटवून येतं.

इथून तुमच्या मराठीच्या तक्रारीकडे येते, कारण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्याकडे येणारी निम्म्याहून जास्त मुलं सेमीची किंवा मराठी माध्यमाची आहेत. त्यांना शाळेत मराठीच्या तासाला शिकवलेलं असतं की ‘रवीने पत्र लिहिले’ हा कर्मणी प्रयोग. पुढच्या तासाला इंग्रजीत ‘रवी रोट अ लेटर’ येतं आणि सांगितलं जातं की हे अ‍ॅक्टिव्ह. कर्तरी म्हणजे अ‍ॅक्टिव्ह आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह अशी गाठ मुलानं डोक्यात मारलेली असते. आता एकच गोष्ट सांगणारं वाक्य मराठीत कर्मणी आणि इंग्रजीत अ‍ॅक्टिव्ह कसं? हुशार मूल इथे हमखास अडकतं, आणि बहुतेक वेळा विचारतही नाही. हा गुंता इंग्रजीत बोलून सुटत नाही. फळ्यावर दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहावी लागतात. मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या मागे चालतं यावरून. रवीने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, द्राक्षं खाल्ली: क्रियापद कर्माप्रमाणे बदलतंय म्हणून कर्मणी. पण गोष्ट अजून रवीचीच चालली आहे. इंग्रजी पॅसिव्हमध्ये कर्म नुसतं क्रियापद हलवून थांबत नाही, ते थेट वाक्याच्या मुख्य जागेवर येऊन बसतं आणि रवी बाजूला होतो, बऱ्याचदा निघूनच जातो.

याच मराठीचा फायदाही होतो. पॅसिव्हमध्ये सर्वांत जास्त होणारी चूक ‘ग्रेप्स वॉज एक्सपोर्टेड’ ही. जुन्या कर्त्याला शोभणारं एकवचन तसंच राहून जातं. मी विचारते, ‘द्राक्षं खाल्ला म्हणशील का?’ मूल हसतं, ‘नाही, खाल्ली.’ मग ‘वॉज’ खोडून ‘वर’ ते स्वतःच करतं. कानात आधीपासून असलेली जाण वापरायची सोडून मी त्याला इंग्रजीतच नियम का ऐकवू?

‘कडून’चंही तसंच. गाइडमध्ये ‘बाय’ म्हणजे ‘कडून’ असं छापलेलं असतं आणि ‘पत्र रवीकडून लिहिले गेले’ असं वाक्य दिलेलं असतं, जे आपल्या घरात कोणी कधी बोलत नाही. आपण ‘कडून’ कधी वापरतो? ‘आई, माझ्याकडून कप फुटला.’ म्हणजे मी मुद्दाम नाही फोडला, चुकून झालं. मूल हे ‘द कप वॉज ब्रोकन बाय मी’ असं करतं आणि त्याला वाटतं की आपण माफी मागितली. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात चुकून झाल्याचं काहीच कळत नाही, उलट गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं. तिथे ‘आय ब्रोक द कप बाय अ‍ॅक्सिडेंट’ असं सरळ अ‍ॅक्टिव्हच हवं.

मागच्या टर्ममध्ये वर्गाच्या खिडकीची काच फुटली होती. मी आत आले तर सगळे एका सुरात, ‘मॅडम, काच फुटली.’ कोणीही ‘फोडली’ म्हणालं नाही. त्या दिवशी ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर लिहिलं: काच फुटली, कोणीतरी काच फोडली, काच फोडली गेली. मग त्यांनीच समोर इंग्रजी लिहिलं: ‘द ग्लास ब्रोक’, ‘समवन ब्रोक द ग्लास’, ‘द ग्लास वॉज ब्रोकन’. पहिल्यात कोणी फोडणारा आहे असंही म्हटलेलं नाही, काच आपोआप फुटली असेल. तिसऱ्यात फोडणारा नक्की आहे, फक्त त्याचं नाव घेतलेलं नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे नाव लपवायचं असेल तर तिसरं, आणि काही झालंच नाही असं दाखवायचं असेल तर पहिलं.’ एवढं ज्याला कळलं त्याला पेपरमधली बातमी वाचताना ‘टू पीपल वर अरेस्टेड’ का लिहिलंय आणि प्रयोगवहीत ‘द वॉटर वॉज हीटेड’ का लिहायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही. तुम्ही म्हणता ते पंधरा दिवस असे गेले, ताई, आणि पुढच्या बॅचलाही ते असेच जातील.

आता मार्क. मार्क महत्त्वाचे आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. चाचणीच्या प्रश्नांत सहसा घात कुठे होतो ते सांगते, म्हणजे घरीही बघता येईल. ‘समवन हॅज स्टोलन माय बायसिकल’ असेल तर उत्तर ‘माय बायसिकल हॅज बीन स्टोलन’ इतकंच, पुढे ‘बाय समवन’ नको. ‘द बॉइज लाफ्ड अ‍ॅट हिम’ चं ‘ही वॉज लाफ्ड अ‍ॅट बाय द बॉइज’. यात ‘अ‍ॅट’ आणि ‘बाय’ दोन्ही लागतात, पण शेजारी शेजारी आले की मुलांना चूक वाटते आणि ती एक खोडतात. ‘हू रोट धिस?’ चं ‘बाय हूम वॉज धिस रिटन?’ ‘हॅज बीन’ आणि ‘इज बीइंग’ यांची अदलाबदल तर नेहमीची, त्यासाठी मात्र सराव आणि सरावच. दोन कर्मं असली तर दोन उत्तरं बरोबर असतात. १९८७ चा ज्ञानपीठ आपल्या कुसुमाग्रजांना मिळाला, ते ‘कुसुमाग्रज वॉज गिव्हन द ज्ञानपीठ अ‍ॅवॉर्ड’ असंही लिहिता येतं आणि ‘द ज्ञानपीठ अ‍ॅवॉर्ड वॉज गिव्हन टू कुसुमाग्रज’ असंही. मुलानं दुसरं लिहिलं आणि उत्तरसूचीत पहिलं होतं म्हणून मार्क कापले गेले असतील तर ते शाळेत जाऊन नम्रपणे दाखवता येतं. तसं असेल तर मी लिहून देईन.

आणि शेजारच्या मुलाबद्दल एवढंच म्हणते की त्याला फॉर्म्युले पाठ आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. दोघांनाही एकदा पेपरमधल्या एखाद्या इंग्रजी बातमीतली पॅसिव्ह वाक्यं शोधायला बसवा आणि प्रत्येक वाक्यात करणारा का गाळला असेल ते विचारा. दोघांची मदत दोघांनाही होईल.

शंकांचा तास दर शनिवारी संध्याकाळी असतो, त्याची वेगळी फी नाही, आणि पालक बसले तरी चालतात. चाचणीची उत्तरपत्रिका सोबत आणा. ज्या वाक्यांचे मार्क गेले आहेत तेवढीच काढून मुलाकडून पुन्हा सोडवून घेऊ, म्हणजे चूक समजण्यातली आहे की सरावातली हे तुमच्यासमोरच कळेल. सरावातली असेल तर जादा वर्कशीट देते. शक्यतो याच शनिवारी या, कारण त्यानंतर रिपोर्टेड स्पीच सुरू होतंय आणि त्यात ‘ही वॉज टोल्ड’, ‘दे वर आस्क्ड’ अशी पॅसिव्ह वाक्यं पहिल्याच दिवसापासून लागतात.